सोनईच्या पालकांना शाळेत काम द्या

सोनई आणि पंचक्रोशीतील शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सर्व अध्यक्षांस,



हे पत्र मुख्याध्यापकांना लिहिता आलं असतं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहिता आलं असतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यातले आहात. तुमचं मूल त्या शाळेत शिकतं म्हणून तुम्ही अध्यक्ष झालात. समितीचं अध्यक्षपद पालकाकडे आणि मुख्याध्यापक सचिव, अशी रचना शासनाने विचार करून केली आहे. गावात सरपंचाला, सोसायटीच्या चेअरमनला जो मान मिळतो तो तुम्हाला कुणी देत नाही. पण माझ्या मते गावातल्या दीडशे-दोनशे मुलांच्या रोजच्या दिवसावर तुमच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नाही.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील. त्याआधी माझ्या दोन मागण्या आहेत. पालकसभेची वेळ बदला. आणि पालकांकडे वर्गणी मागण्याआधी काम मागा.

आधी वेळेचं बोलते. आपल्याकडे सभा बहुतेक शनिवारी ठेवतात. सकाळची शाळा असते, मुलं लवकर सुटतात, शिक्षकांना मोकळा वेळ मिळतो. शिक्षकांच्या सोयीने पाहिलं तर ते बरोबरच आहे. पण सोनईत शनिवार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल, तुम्हाला नाही. शनीचं शिंगणापूर हाकेच्या अंतरावर. हार, नारळ, तेल विकणारे, गाड्या लावून घेणारे, रसवंती चालवणारे, भाविकांना आणणारे रिक्षावाले, यातले कितीतरी जण आपल्याच शाळेतल्या मुलांचे आईवडील आहेत. त्यांच्या आठवड्याची कमाई शनिवारवर असते, आणि शनी अमावास्या आली तर महिन्याची. त्या दिवशी सकाळी साडेअकराला सभा ठेवायची आणि नंतर म्हणायचं की पालकांना आस्था नाही, हे मला पटत नाही.

बाकीच्यांचं तेच. कांदा लागवडीच्या दिवसांत बायका उजाडायच्या आत रानात असतात. गळीत हंगामात कारखान्यात कामाला असलेल्यांच्या पाळ्या लागतात. ज्यांच्या दारात दोन गाई आहेत त्यांना डेअरीला दूध घातल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. गावातला माणूस मोकळा होतो तो संध्याकाळी साडेसात-आठला. त्या वेळी मंदिरापुढे, पारावर, वस्तीवरच्या एखाद्या अंगणात सभा घेतली तर काय बिघडेल? समितीला महिन्यातून एक सभा घ्यायची असते. एकदा शाळेत, एकदा वस्तीवर, अशी आलटून पालटून घ्या. शिक्षकांना रात्री थांबायला सांगणं सोपं नाही, त्यातले बरेच राहुरी, नेवासा किंवा नगरहून ये-जा करतात. म्हणून सगळ्या शिक्षकांना बोलावू नका. मुख्याध्यापक आणि एक शिक्षक पुरे. त्या दिवशीचा त्यांचा खोळंबा भरून काढायला त्यांना दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा मिळवून द्या. हे समितीने लेखी मागितलं तर वरून नकार येण्याचं मला कारण दिसत नाही.

मी एक शाळा पाहिली आहे, नाव सांगत नाही, जिथे सभा होतच नसे. सभेची वही घरोघर फिरे. सातवीतला मुलगा वही छातीशी धरून दारात उभा राहायचा, "सरांनी सही सांगितलीय." आई चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसायची आणि मुलाने बोट ठेवलेल्या जागी नाव लिहायची. वर चार ठराव असायचे आणि प्रत्येकापुढे "सर्वानुमते मंजूर". त्या चार ठरावांत कधी शौचालयाची दुरुस्ती असेल, कधी पोषण आहाराचा हिशोब, कधी आलेल्या अनुदानाचा खर्च. सही करणाऱ्या बाईला विचारलं, तुम्ही समितीवर आहात ना, तर ती म्हणाली, "हा, नाव हाये. तिथं काय करायचं येऊन? सर बोलतेत, आपण ऐकायचं."

या बाईचं नाव समितीवर आलं ते कुणाच्या मेहरबानीने नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, सरकारकडून येणारा पैसा कसा खर्च होतो ते पाहणं, ही समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. म्हणजे जी बाई "आपण ऐकायचं" म्हणते, तिने ऐकायचं नाही, विचारायचं असा कायदा आहे. ते तिला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. आणि तिच्या जागी तिचा नवरा सभेला येऊन बसला तर त्याला प्रेमाने घरी पाठवा आणि तिला बोलवा.

पैशाचं उदाहरण देते, कारण ते कळलं की माणसं सभेला येतात. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पटावर संयुक्त अनुदान मिळतं. केंद्राच्या निकषाप्रमाणे 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार आणि त्यापुढे 1 लाख. त्यातला किमान दहा टक्के वाटा स्वच्छतेसाठी. हे आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवा. यंदा किती आले, केव्हा आले आणि कशावर गेले, हे खाली खडूने लिहा. हिशोब उघडा ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला त्याचा त्रास होत नाही, उलट गावात त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले जातात.

समितीच्या हातात काम असलं तर काय होतं आणि काढून घेतलं तर काय होतं, हे आपण नुकतंच गणवेशावरून पाहिलं. पूर्वी मोफत गणवेशाचं काम समित्यांकडे होतं. 2024-25 ला ते एका ठिकाणाहून करायचं ठरलं. राज्यभरातून तक्रारी आल्या. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन आला तरी गणवेश नव्हते, आले तिथे मापं चुकली. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने ते काम 2025-26 पासून पुन्हा समित्यांकडे दिलं. पहिलीतल्या पोराच्या खांद्याचं माप मुंबईत कळत नाही, ते गावातल्या शिंप्याला कळतं. या एका निर्णयाने तुमच्या समितीची गरज सरकारनेच मान्य केली आहे. आता ते काम नीट करून दाखवणं आपल्याकडे आहे. कापड निवडायला दोन आया घेऊन जा, शिवण गावातल्याच बायकांना द्या, आणि वर्गात कपडे वाटण्याआधी एकेका मुलाला घालून बघा.

आता वर्गणीकडे येते. गेल्या दहा-बारा वर्षांत लोकसहभाग हा शब्द आपल्या तोंडी बसला आणि त्याचा अर्थ हळूहळू लोकवर्गणी एवढाच उरला. टीव्ही संच, संगणक, भिंतीवरची चित्रं, प्रवेशद्वार. ज्याने पाच हजार दिले त्याचं नाव फळ्यावर, ज्याने पन्नास दिले तो मागे उभा, आणि ज्याच्याकडे पन्नासही नव्हते त्याने शाळेकडे जायची वाटच सोडली. वर्गणीतून शाळा नटल्या याचा मला आनंद आहे, ज्यांनी दिलं त्यांचे उपकारही आहेत. पण या पद्धतीने गरीब पालकाला शाळेपासून लांब केलं, हे मी अनेक घरांत पाहते आहे.

याबाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करून देते. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कुटुंबांत पहिला शिकलेला माणूस रयतच्या शाळेतून बाहेर पडला. वसतिगृहातली मुलं जेवणार कशी, याचं उत्तर म्हणून त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. घरातल्या बाईने दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची. या योजनेचं मोठेपण मला मापात वाटतं. मूठ प्रत्येकीची असते. पाटलाच्या घरची मूठ आणि मोलकरणीची मूठ सारखीच भरते. ज्या घरातून मूठ गेली ते घर त्या मुलांना आपली मुलं मानू लागलं. आज धान्याची मूठ कुणी मागत नाही. आज मागायचा तो वेळ. महिन्याचे दोन तास. सोनईतल्या सगळ्यात गरीब घरालाही ते देता येतील असं माप ठेवा, आणि सगळ्यात श्रीमंत घराकडूनही तेवढेच घ्या, चेक नको.

आपल्याच जिल्ह्यात नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्या गावाची गोष्ट लोक पाण्यापासून सांगायला लागतात, पण गावाने सुरुवातीलाच जी कामं हाती घेतली त्यात शाळा होती. श्रमदानाने माणसं आधी शाळेच्या आवारात एकत्र आली. एकत्र काम करण्याची सवय लागली आणि मग बंधारे, झाडं, चराईबंदी हे सगळं शक्य झालं. आपल्या गावातले राजकारणातले गट मला माहीत आहेत आणि तुम्हालाही. शाळेचं काम ही एकच जागा अशी आहे जिथे दोन्ही गटांची पोरं एका पट्टीवर बसतात.

कामं कोणती द्यायची? जी मुलांच्या रोजच्या दिवसाला लागतात ती. पहिलं काम रस्त्याचं. दिवाळीपासून गळीत हंगाम संपेपर्यंत आपल्या रस्त्यांवरून उसाचे ट्रॅक्टर चालतात, एकामागे दोन ट्रॉल्या, वर कळसासारखा भरलेला ऊस, मागचं काही दिसत नाही, गाण्यांचा आवाज असा की हॉर्न ऐकू येत नाही. बैलगाड्या वेगळ्याच. शाळा सुटते ती ही वर्दळ चालू असतानाच. वस्तीवरची मुलं रस्त्याच्या कडेने पाठीवर दप्तर घेऊन चालतात, आणि कडेला पाचट पडलेलं असलं की डांबरावर येतात. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा अर्धा तास दोन पालक हातात लाल झेंडा घेऊन उभे राहिले तर हा धोका बराच कमी होईल. दप्तरांना मागे चमकणारी पट्टी शिवून द्यायचं काम एखाद्या बचत गटाने घ्यावं. कारखान्याच्या शेती विभागाला समितीने पत्र द्यावं, की शाळेजवळच्या टप्प्यात वाहनांनी वेग कमी ठेवावा आणि गाणी बंद करावीत. असं पत्र एका पालकाने दिलं तर कागदात जातं. समितीच्या ठरावाने दिलं तर त्याला वजन येतं.

दुसरं काम पोषण आहाराचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदळाचं आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅमचं प्रमाण ठरलेलं आहे. 450 आणि 700 उष्मांक, 12 आणि 20 ग्रॅम प्रथिनं, हेही ठरलेलं आहे. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. ही वही तुमच्या शाळेत कोण भरतं ते बघा. रोज एका पालकाने, शक्यतो आईने, पावणेबाराला येऊन दोन घास खावेत, वहीत आपल्या हाताने लिहावं, मग मुलांच्या पंगतीत बसावं. डाळ पातळ असेल तर ते तिला कळेल. तांदूळ कमी आला असेल तर पोत्याकडे पाहून कळेल. आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना त्या धुरात एकटीने साठ मुलांचं रांधताना पाहून त्यांच्याबद्दलही चार शब्द कुणीतरी बोलेल. तपासणीचा अधिकारी वर्षातून एकदोनदा येतो. आई रोज येऊ शकते.

तिसऱ्या कामावर मी जास्त लिहिणार आहे, कारण त्यात मला सगळ्यात जास्त बदल दिसला. कोरोनानंतर 2022 च्या उन्हाळ्यात राज्यभर "पहिले पाऊल" नावाने शाळापूर्व तयारी मेळावे झाले. पहिलीत येणारं मूल दोन वर्षं अंगणवाडीत गेलेलं नव्हतं. शाळेच्या अंगणात टेबलं मांडली होती. एका टेबलावर चेंडू टाकायचा आणि दोरीवरून उडी मारायची, पुढच्यावर चित्रात रंग भरायचा, मग वस्तू लहानमोठ्या लावायच्या, चित्र पाहून बोलायचं, मोजायचं. प्रत्येक मुलाच्या हातात विकास पत्र, त्यात नोंद. आई मुलाच्या मागे मागे फिरत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलाला काय येतं, काय येत नाही हे उन्हात उभं राहून बघत होती. नंतर वस्ती-वस्तीवर पाच-सहा आयांचे गट झाले, त्यात एक लीडर माता. आठवड्याच्या कृती मोबाइलवर यायच्या. शेंगा सोलताना दहा-दहाचे ढीग करायचे. भाकरी थापताना गोल, चौकोन. डब्यांची झाकणं जुळवायची. दुकानातून आणलेल्या पुड्यावरचं अक्षर शोधायचं. ज्या बाईचं शिक्षण चौथीत सुटलं होतं, तिने हे सगळं केलं, आणि जून उजाडला तेव्हा बाईंना सांगत होती, "याला नऊपर्यंत येतं, दहाला अडतो."

ते वाक्य ऐकून मला वाटलं, पालकसभेत व्हायला हवं ते हेच बोलणं. मूल कुठे अडतं हे आईला माहीत आहे आणि ती शिक्षिकेला सांगते आहे. कायद्याच्या कलम 24 मध्ये पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पण बोलणं दोन्हीकडून झालं तरच त्याला अर्थ येतो. माझी कळकळीची विनंती आहे की असे माता गट पहिलीच्या तयारीपुरते न ठेवता तिसरीपर्यंत चालवा. तिसरीपर्यंत वाचता आलं नाही तर पुढच्या वर्गांत मूल नुसतं बसून राहतं, हे शिक्षकांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

वडिलांना मात्र यातून सुटका देऊ नका. गावात शाळेचं काम म्हणजे आईचं काम असं धरून चाललेलं आहे. बाप शाळेत येतो तो भांडण झालं तर किंवा दाखला लागला तर. त्याला वर्गात आणायची एक संधी आहे. राज्यात 2024 पासून पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार" आहे. त्या दिवशी पुस्तकापलीकडचं शिकवायचं असतं आणि शिक्षक काय शिकवायचं याच्या विवंचनेत असतात. आपल्या गावात मोटार रिवायंडिंग करणारे आहेत. जळालेली पाण्याची मोटार वर्गात टेबलावर उघडा, तांब्याची जुनी गुंडाळी काढा, आत काय जळालं ते दाखवा. विज्ञानाच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकाचं पान मुलांना जन्मभर लक्षात राहील. गवंडी ओळंबा घेऊन येईल. कृषी सेवा केंद्रवाला औषधाच्या बाटलीवरचे रंगीत त्रिकोण समजावून सांगेल, घरात ती बाटली कुठे ठेवायची तेही सांगेल. दवाखान्यातली नर्स मुलींशी बोलेल. एसटीचा चालक सांगेल की बसच्या पुढून रस्ता का ओलांडायचा नाही. यांना शिंगणापूरच्या गर्दीमुळे शनिवारी जमत नसेल तर वार बदला, मुलांचं काही बिघडत नाही.

एक खबरदारी इथेच सांगते. बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना ऑगस्ट 2024 मध्ये घडली, त्यानंतर आपल्यापैकी कुणीही बेफिकीर राहू शकत नाही. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पालकाचं नाव, वेळ आणि काम वहीत नोंदलेलं असावं. कोणताही स्वयंसेवक, मग तो कितीही ओळखीचा असो, मुलांबरोबर एकटा राहू नये, शिक्षक सोबत असावेतच. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये सखी सावित्री समिती स्थापण्याचा शासन निर्णय 2022 चा आहे. ती तुमच्या शाळेत कागदावर आहे की खरी आहे, तक्रार पेटी शेवटची कधी उघडली, हे पुढच्या सभेत विचारा. हे विचारण्यात शिक्षकांवरचा अविश्वास नाही.

शिक्षकांबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. पालक शाळेत येऊ लागले की शिक्षकांना धास्ती वाटते आणि त्याला कारण आहे. काही पालक येतात ते फळ्यापुढे उभं राहून गुरुजींना शिकवायला, काही फोन काढून चित्रण करायला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री अकराला शिक्षकाचं नाव घेऊन वाट्टेल ते लिहिणारेही आहेत. वर्गात काय आणि कसं शिकवायचं हे शिक्षकाचं काम आहे. पालकाने त्यात हात घालू नये. तक्रार असेल तर ती सभेत किंवा समोर बसून. शाळेच्या गटावर फक्त शाळेच्या सूचना. अध्यक्ष म्हणून ही मर्यादा तुम्हीच घालून द्या, म्हणजे शिक्षकांना तुमचा आधार वाटेल.

आणखी एक मर्यादा सरकारच्या बाजूची. गळकं छप्पर, तुटलेलं शौचालय, रिकामं शिक्षकपद, ही पालकांच्या श्रमदानाची कामं नव्हेत. आपण शाळेत राबायला लागलो की वरच्या कार्यालयाला हायसं वाटतं आणि निधीची फाइल मागे पडते. म्हणून जे काम शासनाचं आहे ते शाळा विकास आराखड्यात लिहा, ठराव करा, ग्रामसभेत वाचून दाखवा, पाठपुरावा करा. हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो. बऱ्याच ठिकाणी तो मुख्याध्यापक एकट्याने रात्री बसून भरतात. तो भरायला दोन शिकलेल्या पालकांना त्यांच्या शेजारी बसवा.

संस्थांच्या अनुदानित शाळांतल्या समित्यांना 2012 च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देण्याचा अधिकार उरला आहे. पण रस्त्यावर उभं राहायला किंवा मुलांना मोटार उघडून दाखवायला कुठला अधिकार लागतो? ती कामं तिथेही होऊ शकतात.

आता शेवटची आणि माझ्या मनात सगळ्यात वर असलेली गोष्ट. दरवर्षी दसरा झाला की बीड, पाथर्डी, आष्टी, गेवराईकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याजवळच्या माळावर, रानाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे चारला आईबाप उसाच्या फडात जातात. मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या कडेला धाकटा भाऊ, आणि कोपीतल्या पिठाच्या डब्याची राखण. ती मुलगी तिच्या गावच्या शाळेत तिसरीच्या पटावर आहे. सहा महिने ती आपल्या शिवारात असते आणि कुठल्याच वर्गात नसते. तिचे आईबाप आपलाच ऊस तोडत असतात. त्या उसाच्या पैशावर आपल्या मुलांचे बूट, दप्तर, शिकवण्या चालतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. शिक्षण हमी कार्ड आहे, ते असलं की मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं आणि परत गेल्यावर आपल्या वर्गात. अनेक शिक्षक आपल्या परीने कोप्यांवर जाऊन मुलं आणतात, त्यांना मी नमस्कार करते. पण शिक्षक किती कोप्यांवर जाणार? शेतकरी पालक मात्र टोळीला रोज भेटतो. मुकादमाशी त्याचं बोलणं असतं. त्याने एवढंच म्हणावं: तुझ्या टोळीत शाळेच्या वयाची पोरं किती, त्यांची नावं दे. त्याच्या घरची बाई सकाळी आपल्या मुलाला शाळेत सोडायला जातेच, तिने त्या मुलीलाही सोबत घ्यावं. धाकट्या भावाला अंगणवाडीत ठेवायची सोय झाली की ती मुलगी मोकळी होते. ही सोय झाल्याशिवाय ती येणार नाही, हेही लक्षात घ्या. वर्गात तिला शेजारी घेऊन बसायला आपल्या मुलांना घरी सांगावं. तिचे आईबाप ज्या दिवसांत इथे आहेत त्या दिवसांत तेही आपल्या शाळेचे पालक आहेत. त्यांना सभेला बोलवा, रात्री आठला, कोप्यांवर जाऊन.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, मी तशी अपेक्षाही करत नाही. जूनची पहिली सभा संध्याकाळी ठेवा. आदल्या दिवशी मंदिराच्या भोंग्यावरून सांगा आणि वस्त्यांवर निरोप द्या. सभेत वर्गणीचा विषय काढू नका. एक कोरी वही मध्ये ठेवा, त्यात चार पानांवर चार मथळे लिहा: रस्ता, चव, वाचन, टोळीची मुलं. आलेल्या प्रत्येकाने एका तरी पानावर आपलं नाव आणि जमणारा वार लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव त्यांच्या मुलाने लिहावं. पहिल्या दिवशी पंधरा नावं आली तरी काम सुरू करा.

माझं नाव रस्त्याच्या पानावर लिहा. सोमवार आणि गुरुवार, शाळा सुटायची वेळ.

आपली,
सोनईतील एक पालक